सव्वापाचची कडी

"ये, ये. दप्तर टाक आणि आधी हात धू," मी मागे न बघताच म्हटलं.

पोह्यांना वाफ आली होती. झाकणावरचं पाणी आत सांडू नये म्हणून मी ते दोन्ही हातांनी धरून बाजूला घेत होते, आणि नेमकी तेव्हाच मागच्या दाराची कडी वाजली. सव्वापाच म्हणजे हेमूची शाळेतून यायची वेळ. मी ताटली भरली, वर खोबरं पेरलं, पाटासमोर ठेवली आणि पाणी घ्यायला वळले. तोच पुढच्या दारातून आरोळी आली, "आई, आलो!"

मागचं दार हातभर उघडलेलं होतं. तिथं कुणीच नव्हतं.

"गधड्या, कडी वाजवून पुढून पळत येतोस होय?" मी म्हटलं.

हेमू नुसता बघत राहिला. मग ताटलीकडे नजर टाकून म्हणाला, "मला नको पोहे. भूक नाही."

हे वाक्य आमच्या घरात त्याआधी कधी कुणी ऐकलं नव्हतं. हेमू तेव्हा सहा वर्षांचा, पहिलीत. सकाळी जेवताना ताटाभोवती त्याची नुसती नाटकं चालायची, पण शाळा सुटली की पोरगं वखवखत यायचं. दप्तर दारात, एक चप्पल ओट्यावर, दुसरी अंगणात, आणि तोंडात एकच प्रश्न: खायला काय? पोहे म्हणू नका, सांजा म्हणू नका, उरलेली भाकरी आणि दाण्याची चटणी म्हणू नका, सगळं स्वाहा. "या बकासुराला पोसायला एक पगार पुरणार नाही," असं आमचे हे दर दोन दिवसांनी म्हणत आणि आपल्याच विनोदाला हसत. हे कालवा निरीक्षक होते. त्या जूनमध्ये बदली होऊन आम्ही कालव्याकाठच्या वसाहतीत आलो होतो. दहा-बारा क्वार्टर, मागे मातीचा उंच भराव, आणि भरावापलीकडे कालव्याचं हिरवट, गुपचूप वाहणारं पाणी. आमचं क्वार्टर शेवटचं. आम्ही येण्याआधी ते वर्षभर रिकामं होतं.

मागच्या दाराची कडी आधीही संध्याकाळी वाजायची. कालव्यावरचा वारा, असं मी धरून चालले होते. पण त्या दिवसापासून ती रोज सव्वापाचला वाजू लागली. वारा काही घड्याळ बघून येत नाही, तेव्हा हेमू माझी खोडी काढतोय अशी माझी खात्री झाली. मीही खेळात सामील झाले. कडी वाजली की म्हणायची, "ये, ये." क्षणभरानं हेमू पुढून यायचा.

ताटली रोज रिकामी व्हायची, म्हणून मला कळायलाच उशीर झाला. "भूक नाही" म्हणायचा आणि मी पाठ वळवली की चाटूनपुसून साफ. मला वाटे, लबाड आहे. फक्त पोह्यातले दाणे तेवढे तो खाईना. एकेक वेचून ताटलीच्या कडेला गोल मांडून ठेवलेले असत. याआधी हाच मुलगा दाण्यांसाठी माझ्या ताटात हात घालायचा.

मग त्याची चड्डी कमरेवरून घसरायला लागली. आधी मी सेफ्टी पिन लावली, मग नाडी घातली. रात्रीचं जेवण दोन घासांवर आलं. गालांची हाडं दिसू लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. शेजारच्या कानडे वहिनींनी मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मिरच्या जळूनही ठसका उठला नाही तेव्हा त्या गप्प झाल्या. हे म्हणाले, "शाळेत कुणाच्या तरी डब्यावर ताव मारत असेल." पण या वेळी ते हसले नाहीत.

एके दिवशी मी ठरवलं, आज डोळ्यांसमोर खाऊ घालायचं. कडी वाजली, मी "ये" म्हटलं, हेमू आला. मी त्याला पाटावर बसवलं, सांज्याची ताटली पुढ्यात ठेवली आणि समोर मांडी ठोकली. तो मांडीवर हात ठेवून बसला. मी बसले. पाच मिनिटं झाली असतील. स्टोव्हवर दूध वर आलं, म्हणून मी उठून ते उतरवलं आणि परत वळले.

ताटली रिकामी होती. सांज्यातले दाणे कडेला एका रांगेत होते. हेमूचे हात अजून मांडीवरच होते. मी ते उलटेपालटे करून बघितले, हुंगले. तुपाचा वाससुद्धा नव्हता.

"कुणी खाल्लं?"

"मी नाही."

"मग कुणी?"

"ती खाते," तो म्हणाला. "मग मला पोट भरल्यासारखं होतं."

"ती कोण रे?"

हेमूनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेड पांघरतेय. "तू रोज जिला 'ये' म्हणतेस ती."

माझ्या हातातली सांडशी खाली पडली. "तुला दिसते ती?"

"नाही. पण तिला भूक लागली की मला कळतं."

दुसऱ्या दिवशी मी मागचं दार आतून खिटी घालून बंद केलं आणि तोंडात पदराचा बोळा धरून स्वयंपाकघरात बसले. सव्वापाचला कडी वाजली. मी बोलले नाही. जरा वेळानं पुन्हा वाजली. त्या वाजण्यात दांडगाई नव्हती, रागही नव्हता. चांगल्या वळणाची मुलगी दारात उभी राहून वाजवील तशी, दोनदा, मग थांबून दोनदा. अंधार पडेपर्यंत ती वाजत होती. हेमूनं त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नाही. "ती उपाशी आहे," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

सकाळी मी कानडे वहिनींना धरलं. "आमच्या क्वार्टरमध्ये आधी कोण होतं? खरं सांगा."

त्यांनी आढेवेढे घेतले, पण सांगितलं. सोनटक्के म्हणून कारकून होते. त्यांची एकुलती एक पोर छबू, सात वर्षांची. सकाळी भरावावरून शाळेला निघाली ती शाळेत पोचलीच नाही. दुसऱ्या दिवशी कालव्याच्या खालच्या मोरीपाशी सापडली. महिन्याभरात सोनटक्क्यांनी बदली मागून घेतली.

"मला आधीच सांगायला हवं होतं," वहिनी म्हणाल्या. "पण लेकुरवाळ्या बाईला कसं सांगायचं? आता एकच करा. दारात उभं राहून तिला स्पष्ट सांगा, जा म्हणून."

जा. सांगायला सोपं. पण आपण घरातून निघणाऱ्या माणसाला कधी 'जा' म्हणतो का? निघणारा 'येतो' म्हणतो आणि आपण 'ये' म्हणतो. माझ्या आईनं तर बोहारणीलासुद्धा कधी 'जा' म्हटलं नाही. त्यातून भुकेल्या पोराला. दिवसभर मी तो शब्द तोंडात घोळवला. मग हेमूच्या गळ्याची हाडं आठवली आणि मन घट्ट केलं.

सव्वापाचला कडी वाजली. मी बंद दाराला दोन्ही हात टेकले, डोळे मिटले आणि ओरडले, "जा! जा इथून! परत येऊ नकोस!"

कडी थांबली. मी कान देऊन ऐकलं. काही नाही. सुटले असं वाटलं. "हेमू," मी हाक मारली, "ये रे, आता खा पोटभर."

पुढच्या खोलीत त्याचं दप्तर पडलं होतं. चपला नव्हत्या. दार सताड उघडं होतं.

मी कशी पळाले मला आठवत नाही. भराव चढताना दोनदा पडले, एवढं आठवतं. हेमू भरावाच्या माथ्यावरून, पाण्याच्या अगदी कडेनं, सावकाश चालला होता. पाण्याकडचा हात अंगापासून जरा लांब धरलेला. मी त्याला मागून कवेत घेतलं आणि दोघंही मातीत बसलो.

"कुठं निघाला होतास रे?"

"तू जा म्हणालीस ना."

"तुला नव्हते म्हणाले, राजा!"

"मी तेव्हाच घरात आलो होतो. परत येऊ नकोस म्हणालीस." त्यानं पाण्याकडे बघितलं. "आम्हाला दोघांनाही ऐकू आलं."

त्या रात्री यांनी एक अक्षर थट्टा केली नाही. सकाळी ऑफिसात जाऊन सोनटक्क्यांचा पत्ता काढून आणला आणि मला संगमनेरच्या बसमध्ये बसवलं. हेमूला कानडे वहिनींकडे ठेवलं, शाळेलाही धाडलं नाही.

विमलताई सोनटक्के दोन खोल्यांच्या घरात राहत होत्या. अंगापिंडानं चांगल्या भरलेल्या, गोऱ्या, ठसठशीत कुंकू. मी कोण, कुठून आले ते सांगितल्यावर त्यांनी काही न विचारता चहा टाकला. मला सुरुवात कुठून करावी कळेना. शेवटी म्हटलं, "माझा मुलगा शाळेतून आला की काही खात नाही हो."

त्यांनी कप खाली ठेवला. "पण ताटली रिकामी होते?"

"हो."

"आणि पोह्यातले दाणे? कडेला लावलेले असतात?"

मी पोह्यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मी मान हलवली आणि मला एकदम रडू आलं. विमलताई मात्र रडल्या नाहीत. भिंतीकडे बघत बोलत राहिल्या.

"दाणे ती शेवटी खायची. मोजून. खाऊन नाही झाले की कडेला ठेवायची, उद्याला म्हणून. मागच्या दारानं ये, हे वळण मीच लावलेलं. पाय चिखलाचे असायचे ना. कडी वाजवायची आणि मी 'ये' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. खूप शिस्त माझी." त्या थांबल्या. "त्या दिवशी सकाळपासून एकच धोशा लावला होता. आल्यावर खायला काय करशील, पोळीचा लाडू करशील का, दोन करशील का. माझ्या हातात धुण्याचा पिळा. मी म्हटलं, जा गं बाई, आधी जा इथून. ती 'येते' म्हणाली होती, वहिनी. मी 'ये' म्हणायचं ते 'जा' म्हटलं. दुपारी वाईट वाटलं म्हणून लाडू करून ठेवले. दोन. सव्वापाचपर्यंत दारात बसले होते."

बाहेर कुणीतरी भाजीवाला ओरडत गेला.

"तुम्ही तिला 'ये' म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"कळलं नाही हो मला. हेमू समजून म्हटलं. आणि काल... काल 'जा' म्हटलं."

विमलताई उठल्या. खुंटीवरची शाल घेतली, शेजारणीकडे किल्ली दिली. "दुपारची बस आहे," त्या म्हणाल्या. "काल तुमच्याकडेही उपाशी राहिली पोर. चला."

चारच्या सुमाराला आम्ही पोचलो. क्वार्टरच्या पायरीवर त्या क्षणभर थांबल्या, मग आपल्याच घरात शिरावं तशा थेट स्वयंपाकघरात गेल्या. सकाळच्या पोळ्या मागितल्या, गूळ, तूप मागितलं. पोळ्या कुस्करताना त्यांचे हात इतके सराईत चालले होते की मी बघत राहिले. दोन लाडू वळले, ताटलीत ठेवले, पाट मांडला. कानडे वहिनींकडून आणलेल्या हेमूला मी मांडीवर घट्ट धरून उंबऱ्यापाशी बसले. हे पुढच्या खोलीत उभे होते.

सव्वापाच झाले. कडी वाजली नाही.

विमलताईंचा चेहरा पांढरा पडला. मला ओशाळल्यासारखं झालं. एका आईनं घालवलं, दुसरीनंही घालवलं, आता कशाला येईल ती?

"आहे," हेमू हळूच म्हणाला. "दारात आहे. घाबरलीय."

विमलताई दारापाशी गेल्या. खिटी काढली, पण दार ओढलं नाही. "छबू," त्या म्हणाल्या, "मी आहे. लाडू केलेत. ये."

कितीतरी वेळ काही झालं नाही. मग कडी एकदाच वाजली, अगदी हलकी, आणि दार हातभर आत आलं. खोलीत कालव्याच्या शेवाळाचा गार वास पसरला.

"हात धुतलेस?" विमलताईंनी विचारलं. "बस. सावकाश खा. कुणी नेत नाही तुझं."

मी डोळे मिटून घेतले. उघडे ठेवायची माझी छाती नव्हती. उघडले तेव्हा ताटली रिकामी होती, आणि विमलताई पाटासमोर गुडघ्यांवर बसून, पदराच्या टोकानं, बसलेल्या मुलाचं तोंड असेल तेवढ्या उंचीवर काहीतरी पुसत होत्या.

"आता तिला 'जा' म्हणावं लागेल का हो?" मी कुजबुजले.

"तो शब्द माझ्या तोंडून एकदा गेलाय, वहिनी. पुन्हा नाही जायचा." त्या उठल्या, शाल अंगावर घेतली आणि डावा हात जरा खाली सोडला. "चल," त्या म्हणाल्या. "घरी जाऊ."

काय होतंय ते मला कळलं तशी मी त्यांच्या वाटेत उभी राहिले. "विमलताई, नका. हेमूची काय दशा झाली बघताय ना? ती कुणाच्या तरी पोटातलंच खाते."

"माहीत आहे." त्या हसल्या. वर्षभरात पहिल्यांदाच हसल्या असाव्यात, इतकं ते त्यांच्या तोंडावर नवखं वाटलं. "तुमच्या पोरानं माझ्या पोरीला इतके दिवस जेवू घातलं. आता मी आहे ना."

आम्ही फाट्यापर्यंत त्यांना सोडायला गेलो. त्या रस्त्याच्या बाजूनं चालत होत्या आणि डावा हात आतल्या बाजूला होता. बस आली. खिडकीतून कंडक्टरचा आवाज आला, "कुठं जायचं, बाई?"

"संगमनेर. एक फुल, एक हाफ."

"हाफ कुठाय?"

"खिडकीशी बसलीय," विमलताई म्हणाल्या.

कंडक्टरनं काय केलं ते मला कळलं नाही. घंटी वाजली, बस निघाली. धुरळा खाली बसायच्या आत माझा पदर कुणीतरी ओढला.

"आई, भूक लागली. खायला काय?"

घरी येऊन हेमूनं चार पोळ्या खाल्ल्या, वाटीभर दूध प्यायला आणि वर दाणे मागितले. मी डबाच त्याच्यापुढे ठेवला आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडले. सहा महिन्यांत आम्ही बदली करून घेतली.

त्यानंतर अकरा वर्षांनी नाशिकला एका लग्नात विमलताई भेटल्या. हेमू तेव्हा बारावीत होता, ताडमाड वाढलेला. आधी मी त्यांना ओळखलंच नाही. मूठभर राहिल्या होत्या. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. पण डोळे प्रसन्न होते.

"तब्येतीचं काय करून घेतलंत हे?" मी विचारलं.

"सगळे डॉक्टर झाले. बाईंना खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणतात." त्यांनी हसून हात झटकला. "कुठं लागतं ते मला ठाऊक आहे."

त्यांच्या पुढ्यातलं ताट साफ होतं. मसालेभातातले काजू तेवढे कडेला गोल मांडून ठेवलेले होते.

मला तिथं बसवेना. मी उठले. "येते हं, विमलताई."

"या," त्या म्हणाल्या. मग मान खाली वळवून, सहज, कुठलीही आई म्हणेल तशा सुरात म्हणाल्या, "छबू, काकूंना नमस्कार कर."

माझ्या पावलांवरून गार वारा गेल्यासारखं झालं. हात आपोआप खाली गेला आणि सात वर्षांच्या मुलीचं डोकं जिथं असतं तिथं येऊन थांबला. नमस्कार करणाऱ्या पोरीला आपण म्हणतो, मोठी हो. तो आशीर्वाद माझ्या ओठांवर आला आणि तिथंच अडला. विमलताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या मनगटाची हाडं मला दिसत होती, आणि डोळ्यांतली विनवणीही दिसत होती.

"पोटभर खा गं," मी म्हटलं.

विमलताईंनी डोळे मिटले आणि समाधानानं मान हलवली.